मानव्यविद्यांच्या वर्गात संगणक: शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

साहित्य, इतिहास, भाषा किंवा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांमध्ये संगणकाचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. अनेक वर्षं हे विषय संगणकाच्या मदतीने शिकवताना मला जे कळलं, ते इथे प्रश्नांच्या क्रमाने लिहिलं आहे.

कविता आणि इतिहास शिकवायला संगणक कशाला हवा? पुस्तक आणि फळा पुरत नाही का?

बहुतेक तासांना पुरतो. एखादा उतारा मोठ्याने वाचणं, त्यावर वाद घालणं, याला पर्याय नाही आणि तो शोधूही नये. संगणक लागतो तो वाचताना नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी पकडायला.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण संगणकाने मजकूर अभ्यासण्याच्या उगमापाशीच आहे. रॉबेर्तो बुसा हे इटालियन जेझुइट धर्मगुरू. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनातल्या ‘सान्निध्य’ या कल्पनेवर त्यांना प्रबंध लिहायचा होता. त्यांनी आधी उपलब्ध सूच्यांमध्ये ‘सान्निध्य’, ‘सन्निध’ या अर्थाचे लॅटिन शब्द धुंडाळले, पण हाती फारसं लागलं नाही. मग लक्षात आलं, की ही सगळी कल्पना ‘मध्ये’ या अर्थाच्या ‘इन’ या इवल्याशा अव्ययाशी बांधलेली आहे. सूची करणारे नेमके असेच शब्द क्षुल्लक म्हणून गाळतात. बुसांनी ‘इन’ असलेली वाक्यं दहा हजार कार्डांवर स्वतःच्या हाताने उतरवून काढली. पुढे १९४९ साली ते न्यूयॉर्कला आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले, आणि अक्वायनसचा शब्द न् शब्द छिद्रित कार्डांवर, म्हणजे यंत्राला वाचता येतील अशी छिद्रं पाडलेल्या कार्डांवर, चढवायचं काम सुरू झालं. त्याचे ५६ छापील खंड पुरे व्हायला १९८० साल उजाडलं. कार्डांना छिद्रं पाडायचं काम मुख्यतः तरुण मुलींनी केलं, आणि त्यांच्या नावांची दखल कितीतरी वर्षं कुणी घेतली नव्हती. वर्गात ही गोष्ट सांगताना हा भाग वगळू नका.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी वाचकाला प्रश्न पडला, मग त्याने हाताने काम केलं, आणि हात पुरेनात तेव्हा यंत्र आलं. वर्गात आपण बहुधा उलटं करतो. यंत्र आधी येतं आणि मग त्याला काम शोधत बसतो.

आमच्याकडे प्रोजेक्टर आहे, आम्ही स्लाइड दाखवतो. हेच ना ते?

नाही. स्लाइड हा उजेडातला फळा आहे. उपयोगी आहे, पण तिथे विद्यार्थी बघतच राहतो. मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: या तासात एखाद्या मुलाने किंवा मुलीने संगणकाला स्वतःचा प्रश्न घातला का?

मग पहिला तास घ्यायचा कसा?

मुलांनी पूर्ण वाचलेली एखादी कथा किंवा कादंबरी घ्या. न वाचलेल्या पुस्तकावर हा प्रयोग कधीही करू नका, कारण मग आकडेच वाचनाची जागा घेतात. तिची साध्या मजकुराची फाइल हवी. स्वामित्वहक्काची मुदत संपलेलं साहित्य घेतलं तर फाइल मिळणंही सोपं आणि वाटणंही.

आता एक शब्द निवडा. समजा, ‘घर’. संगणक उघडण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: हा शब्द कोणत्या पात्राच्या तोंडी जास्त येत असेल? सुरुवातीला जास्त असेल की शेवटी? त्याच्या शेजारी कोणते शब्द असतील? ही पाच मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत. अंदाज कागदावर उतरला नसेल तर उत्तर आल्यावर सगळे म्हणतात, ‘हे तर ठाऊकच होतं.’

मग शब्द शोधायचा. लॉरेन्स अँथनी यांचं अँटकॉन्क हे मोफत साधन यासाठी उत्तम आहे आणि ते इंटरनेटशिवायही चालतं. तो शब्द जिथे जिथे आला ती प्रत्येक ओळ एकाखाली एक दिसते: शब्द मधोमध, दोन्ही बाजूंना आजूबाजूचे शब्द. या ओळी छापून घ्या, कात्रीने कापा आणि गटागटात वाटा. मुलांनी त्यांचे ढीग करायचे: हे घर म्हणजे भिंती, हे घर म्हणजे माणसं, हे घर म्हणजे सोडून आलेली जागा. एखादी ओळ कोणत्या ढिगात टाकायची यावर भांडण झालं की तास जमला असं समजा. भांडण मिटवायला ते पान उघडून पूर्ण परिच्छेद वाचावाच लागतो.

चाळीस मिनिटांत पडद्यासमोर जेमतेम दहा मिनिटं जातात. तेवढी पुरेत.

व्हॉयंट टूल्स हे दुसरं मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. त्यात वारंवार येणाऱ्या शब्दांचा रंगीत ढग चटकन तयार होतो, आणि शिक्षक बहुधा त्याच्यावरच भुलतात. त्या ढगातून मुलं सगळ्यात कमी शिकतात. त्यातलाच एखादा शब्द पुस्तकाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसा वरखाली होतो हे दाखवणारा आलेख जास्त कामाचा.

शब्द मोजले की साहित्याचा जीव जात नाही का?

मोजून थांबलं तर जातो. मोजून परत वाचलं तर नाही.

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख निघाले. लिहिणारे तिघे: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यातले १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशेहून जास्त वर्षं चालला. दोघांचे विचार आणि शैली इतकी जवळची, की निव्वळ वाचून निवाडा होईना. १९६४ साली फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी भारदस्त शब्द बाजूला ठेवले आणि किरकोळ शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. एक ‘व्हाइल’ लिहितो, दुसरा त्याच अर्थाचा ‘व्हाइल्स्ट’. असे अनेक शब्द एकत्र तोलल्यावर कौल १२ही लेखांत मॅडिसनच्या बाजूने गेला.

हे वर्गात करून बघता येतं. चार विद्यार्थ्यांचे त्यांच्या संमतीने तीन-तीन निबंध घ्या आणि त्यांच्यापैकीच एकाचा चौथा निबंध नावाशिवाय द्या. ‘पण’, ‘परंतु’, ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तर’ एवढेच शब्द मोजायला सांगा. कुणी ‘परंतु’शिवाय वाक्य वळवत नाही, तर कुणी आयुष्यात ‘मात्र’ लिहिलेला नसतो. आपल्या लिहिण्याला असा ठसा आहे हे कळलं की मुलं स्वतःचं वाक्य नव्याने बघू लागतात. मात्र निबंध छोटे असल्याने अंदाज चुकू शकतो, हे आधीच सांगा. चुकला तर का चुकला, यावर बोला.

देवनागरी मजकुरावर ही साधनं चालतात का?

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असेल तर चालतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली पडद्यावर देवनागरी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

खरी अडचण भाषेच्या स्वभावातून येते. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरचा’ हे संगणकाच्या लेखी चार वेगळे शब्द. ‘घर’ने सुरू होणारं सगळं मागितलं तर ‘घरंगळला’ आणि ‘घरघर’ही येतात. ‘देऊळ’ शोधलं तर ‘देवळात’ निसटतं आणि ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’. जुन्या छपाईत ‘कांहीं’ असतं, नव्यात ‘काही’. बरेच शिक्षक इथे वैतागून साधन बंद करतात. मला तर हा फुकट मिळालेला व्याकरणाचा तास वाटतो. एका शब्दाची किती रूपं शोधावी लागतील याची यादी मुलांकडून करून घ्या. सामान्यरूप म्हणजे काय हे एरवी घोकून जेवढं कळत नाही, तेवढं ‘देवळात’ हरवल्यावर कळतं.

छापील पान स्कॅन करून त्यावरून यंत्राने ओळखलेला मजकूर असेल तर आधी दोन-तीन पानं मुळाशी ताडून बघा. जोडाक्षरं आणि अनुस्वार हमखास बिघडतात. इंग्रजीतही हे घडलं आहे. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटला, आणि कोणता शब्द पुस्तकांत कोणत्या वर्षी किती वेळा आला हे दाखवणाऱ्या गूगलच्या २०१० सालच्या साधनात १८०० च्या आसपास कित्येक शब्द अचानक जन्मल्यासारखे दिसू लागले. खरं तर तेव्हा फक्त छापखान्यातलं एक अक्षर बदललं होतं. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी मूळ पान बघायचं, हे शिकवायला यापेक्षा चांगला आलेख मला माहीत नाही.

इतिहासात याचा उपयोग काय?

पाठ्यपुस्तक निष्कर्ष सांगतं. मूळ कागदपत्रं मात्र पूर्वी दफ्तरखान्यात जाणाऱ्यालाच दिसत. आता ती शाळकरी मुलांपर्यंत पोचतात, हा सगळ्यात मोठा बदल आहे.

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातले १६७४ ते १९१३ या काळातले सुमारे १,९७,००० खटले जालावर मोफत वाचता येतात, शोधताही येतात. मुलांना एखादा गुन्हा निवडू द्या आणि त्याची शिक्षा दशकागणिक कशी बदलली ते काढायला सांगा. नंतर त्यातला एकच खटला अथपासून इतिपर्यंत वाचा. एखाद्या मोलकरणीचे शब्द शेकडो वर्षांनी समोर येतात तेव्हा वर्ग शांत होतो. मग विचारायचं: हे शब्द कुणी लिहून घेतले, आणि कुणासाठी? सुरुवातीच्या काळात हे वृत्तांत विक्रीसाठी छापले जात. खप व्हावा म्हणून काय ठेवलं असेल आणि काय गाळलं असेल?

दुसरं उदाहरण जड आहे, पण टाळू नये. अटलांटिकपलीकडे गुलाम नेणाऱ्या जहाजांच्या सुमारे ३६,००० फेऱ्यांचा माहितीसंच खुला आहे. सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे एक कोटी सात लाख पलीकडे जिवंत उतरली, असा त्यावरून केलेला अंदाज आहे. यावर स्तंभालेख काढून पुढच्या धड्याकडे वळलात तर न दाखवलेलं बरं. तक्ता उघडा आणि रकाने वाचा: जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, मालकाचं नाव, तारखा, चढवलेल्यांची संख्या. ज्यांना चढवलं त्यांच्या नावाचा रकाना कुठे आहे? जहाजमालकांना ती नावं नकोच होती, म्हणून ती कागदावर आली नाहीत आणि म्हणून संगणकातही नाहीत. मग त्याच प्रकल्पातली दुसरी यादी दाखवा. एकोणिसाव्या शतकात पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या ९१,००० हून अधिक आफ्रिकनांची नावं न्यायालयांनी नोंदून घेतली होती, ती त्यात आहेत. मुलांना त्यातली काही नावं मोठ्याने वाचू द्या. माहितीसंच ही कुणीतरी कशासाठी तरी केलेली नोंद असते, हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

आणि नकाशे?

जालावरचे बहुतेक नकाशे १५६९ सालच्या मर्केटरच्या पद्धतीवर बेतलेले आहेत. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. इथून सुरुवात करा. नंतर एखाद्या प्रवासवर्णनातली ठिकाणं मुलांना नकाशावर लावू द्या. लेखकाने ‘नदीपलीकडचं गाव’ एवढंच म्हटलं असेल तर टाचणी कुठे टोचणार? टाचणी ठामपणे बोलते, मजकूर तसा बोलत नाही. अशा जागा गाळू नका, त्यांच्यावरच वेळ द्या.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात?

प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे फार कमी. सगळ्यांना एकत्र लिहिता येईल अशा दस्तऐवजात युक्तिवादाची मांडणी करणं मात्र उपयोगी पडतं: वर दावा, खाली आधार, त्याखाली आक्षेप. बदलांचा इतिहास जपला जातो, त्यामुळे कुणाचं मत कुठल्या आक्षेपानंतर फिरलं ते दिसतं. बाकी संवाद तोंडीच व्हावा.

पूर्ण वर्गाला एकच संगणक आहे. इंटरनेटही भरवशाचं नाही.

चालेल. शोध एकदाच घ्या, ओळी छापा आणि काम कागदावर होऊ द्या. एकच पडदा असला की काय शोधायचं हे सगळ्यांना मिळून ठरवावं लागतं, आणि ती चर्चा प्रत्येकाच्या हाती वेगळं यंत्र असताना होत नाही. लागणारी पानं, फाइली आणि साधनं आदल्या दिवशी उतरवून ठेवा. माझा एक तास केवळ जोडणी नसल्यामुळे पूर्ण वाया गेला आहे. त्यानंतर छापील प्रतींशिवाय मी वर्गात गेले नाही.

विद्यार्थी विकिपीडियावरून जसंच्या तसं उतरवतात. बंदी घालावी का?

बंदी पाळली जात नाही. त्यापेक्षा लेखाची मागची बाजू दाखवा. प्रत्येक लेखाला बदलांचा इतिहास असतो आणि चर्चेचं पान असतं. एखाद्या वादग्रस्त ऐतिहासिक व्यक्तीचा लेख घ्या, त्याची पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती आजच्या शेजारी ठेवा आणि विचारा: कोणतं वाक्य गेलं, का गेलं, आणि कोणत्या पुराव्यावर? इतिहास लिहिला जातो म्हणजे काय होतं, ते इथे उघड्यावर दिसतं.

माहिती तपासण्याबाबतही एक गोष्ट आवर्जून सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना जालावरची संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बरेचदा त्याच पानावर खिळून राहिले आणि देखण्या बोधचिन्हाला फसले. तथ्यतपासनीस पानावरून लगेच बाहेर पडले आणि दुसऱ्या खिडकीत त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते बघून आले. आपण आयुष्यभर ‘नीट, शेवटपर्यंत वाचा’ असं शिकवतो. जालावर मात्र आधी बाहेर जाऊन चौकशी करायची आणि मग वाचायला बसायचं, असा क्रम शिकवावा लागतो.

चॅटबॉट निबंध लिहून देतो. आता घरचा अभ्यास द्यायचा तरी कसा?

घरी लिहून आणलेला निबंध एवढ्यावरच गुण देणं थांबवावं लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गात लिहिलेला कच्चा खर्डा, त्यावरच्या खुणा, सुधारलेली प्रत आणि पाच मिनिटांची तोंडी विचारपूस असं सगळं मिळून काम बघा.

आणि चॅटबॉटला वर्गात बोलवा. मुलांनी नीट वाचलेल्या एखाद्या कवितेवर त्याच्याकडून रसग्रहण लिहवून घ्या, संदर्भासह. मग तांबड्या पेनाने तपासणी करायची: हे अवतरण कवितेत खरंच आहे का? हा संदर्भग्रंथ अस्तित्वात आहे का? ही यंत्रं संभाव्य शब्द जुळवत लिहितात, म्हणून नसलेली पुस्तकंही खात्रीने सांगतात. शिवाय त्यांचं रसग्रहण कोणत्याही कवितेला लागू पडेल असं गुळगुळीत असतं. ‘हे वाक्य दुसऱ्या कवितेलाही चालेल’ अशी खूण मुलं करायला लागली की ती स्वतःच्या लेखनातही तशी वाक्यं ओळखतात. ज्या वयात मूल पहिल्यांदा स्वतःचं मत मांडायला धडपडतं, त्या वयात त्याला आयतं मत हातात देणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

मला प्रोग्रॅमिंग यायला हवं का?

नाही. पण खुणा घालून मजकूर बांधणं शिकलात तर खूप उपयोग होईल. साहित्याच्या मजकुरासाठी टीईआय नावाचे संकेत आहेत. त्यांची सुरुवात १९८७ साली झाली. नाटकाच्या एका प्रवेशात कुठे बोलणारं पात्र, कुठे संवाद, कुठे रंगसूचना, कुठे स्वगत हे चिन्हांनी दाखवायचं. संगणकाला ‘थोडंसं स्वगत’ चालत नाही, म्हणून ठरवावं लागतं: हे वाक्य पात्र स्वतःशी बोलतंय की प्रेक्षकांशी? एका पानाला पूर्ण तास लागतो, आणि तितक्या बारकाईने ते पान एरवी कुणी वाचत नाही. कागदावर रंगीत पेन्सिलीनेही हे होतं.

टिपणं घ्यायला लॅपटॉप चालू द्यावेत?

२०१४ मध्ये पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या प्रयोगात हाताने टिपणं घेणाऱ्यांची समज सरस दिसली. टाइप करणारे शब्दशः उतरवून घेत होते. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. मी चर्चेच्या वेळी झाकणं मिटायला सांगते. ज्याला अपंगत्वामुळे यंत्राची गरज आहे, त्याला अर्थातच हा नियम नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी काय काळजी घ्यायची?

स्कॅन केलेलं पान त्यांच्या वाचकप्रणालीला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, कोरं असतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच द्या, चित्रांना आणि आलेखांना शब्दांत वर्णन द्या, मथळ्यांना नुसती जाड अक्षरं न करता मथळ्याची शैली लावा. एनव्हीडीए ही वाचकप्रणाली मोफत आहे. ती एकदा स्वतः डोळे मिटून वापरा, आपली फाइल ऐकायला कशी वाटते ते लगेच कळेल.

मुलांनी केलेलं काम टिकेल का?

आपोआप नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या हुकमाने देशाची पाहणी होऊन डूम्सडे बुक तयार झालं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवी पाहणी केली. दहा लाखांच्या आसपास लोकांनी, मुख्यतः शाळकरी मुलांनी, आपल्या परिसराविषयी लिहिलं, फोटो काढले. सगळं खास लेसर डिस्कवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवण्यासाठी संशोधकांना वेगळा प्रकल्प करावा लागला. चर्मपत्रावरचं मूळ पुस्तक तेव्हाही वाचता येत होतं.

म्हणून मुलांनी घेतलेल्या मुलाखती, केलेले नकाशे, जमवलेल्या याद्या कुठल्याही एका संकेतस्थळाच्या भरवशावर सोडू नका. लेखन साध्या मजकुरात ठेवा, तक्ते साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेला साधा मजकूर), आवाज सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात. दोन ठिकाणी प्रती ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि विषय लिहा. मुलाखत असेल तर बोलणाऱ्याची लेखी संमती तिच्यासोबतच ठेवा, आणि ध्वनिमुद्रण कुणाला ऐकवायचं, कुणाला नाही, हेही त्यात नोंदा. आणि वर्षाअखेरीस सगळ्याची एक छापील, बांधलेली प्रत करून ग्रंथालयात द्या, काम करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावासकट.